मावशींची दाढ

डॉक्टर शर्वरीने लेसर हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. खुर्चीतल्या यमुनामावशींची दाढ मुळापर्यंत किडली होती. औषधाच्या पाण्याने धुऊन लेसर मारला की सगळे जंतू मरणार होते. गेली कित्येक वर्षं सगळ्यांचीच तोंडं अशी निर्जंतुक होत आली होती; मावशी तेवढ्या त्यातून सुटल्या होत्या.

"थांबलीस का गं? ठणका सोसवत नाही."

"मावशी, हल्ली तान्ह्या बाळांना दूध पचत नाही. आयांच्या तोंडातून मिळणारे जंतूच उरले नाहीत. ते फक्त तुमच्या दाढेत सापडलेत, आणि बाहेर काढले की तग धरत नाहीत. ते बाहेर जगवायचा प्रयोग जमेपर्यंत दाढ अशीच ठेवाल?"

"आणि पू जबड्यात उतरला तर?"

"उतरू शकतो. जिवावरही बेतू शकतं."

"तुझं लेकरू कसं आहे?"

"कालचं दूधही पोटात ठरलं नाही."

मावशी सुजलेला गाल धरून खुर्चीतून उतरल्या. "उद्या येते. दाढेतून काय काढायचं ते काढ."

उपचारासाठी त्यांना थांबवायला हवं, हे शर्वरीला कळत होतं. तिने दार उघडून धरलं.