खरं हाये का?

"थोरला अकोल्याले गेला, कापसाच्या गाड्या घेऊन," पार्वताबाईनं पाहुण्यांना सांगितलं आणि पदरानं कपाळ पुसलं.

त्या साली तेल्हाऱ्याकडं हे कुणालाही पटलं असतं. समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती आणि इथं कापसाला असा भाव आला होता, की कापूस घरात झोपे आणि माणसं अंगणात.

थोरला, म्हणजे खुशालराव, भिंतीपलीकडं कापसाच्या खोलीतच बसला होता. बाहेरून कडी होती.

त्याला कुणाकुणाचे आवाज ऐकू येत. गावानं परस्पर निकाल लावून टाकला होता, की याला झपाटलंय. तो दिसला की बाया लेकरं पदराखाली घेत. देवऋष्यानं लिंबं कापली, मिरच्यांची धुरी दिली. खुशालरावानं आजवर मुंगीही चिरडली नव्हती, पण ते विचारतो कोण?

बहिणीनं, कौशल्येनं, एक साधी रीत पाडली होती. आवाज आला की तो विचारी, "कौसे, हे खरं हाये का?" असेल तर ती हो म्हणे, नसेल तर नाही. मग तो मुकाट्यानं कामाला लागे. ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

तिच्या बरोबरीच्या पोरींच्या कडेवर आता लेकरं होती. वेड्याची बहीण म्हणून तिच्या दाराशी कुणी फिरकत नव्हतं. हे पाहुणे दूरचे, त्यांना ठाऊक नव्हतं. मुलगा तिनं दाराच्या फटीतून पाहिला होता आणि तिला आवडला होता, उगाच खोटं कशाला सांगा!

"पोरगी पसंत हाये," मुलाचे वडील केशवराव म्हणाले. त्यांनी ताटातल्या सुपारीला हात लावला. "खुशालराव असते तं सुपारी त्याइच्याच हातानं घेतली असती."

भिंतीपलीकडून हाक आली. "कौसे! कोनी माह्यं नाव घेऊन राहिलं. खरं हाये का?"

केशवरावांनी सुपारीवरचा हात मागं घेतला.

"गडी हाये आमचा. तापानं बरळते," पार्वताबाई घाईघाईनं म्हणाली आणि तिनं लेकीकडं पाहिलं. त्या नजरेत हात जोडलेले होते.

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द, की लग्न ठरलं. पण मग उद्या मागून गाडी आली, कुणी 'सरक' म्हणून ओरडलं, तर दादा कशावर विश्वास ठेवणार?

कौशल्येनं जाऊन कडी काढली.

"खरं हाये, दादा. पाहुने आले हायेत. ये."

खुशालराव बाहेर आला. केसांना, मिशांना कापूस लागलेला. त्यानं नीट वाकून रामराम केला, मग कोपऱ्याकडं मान वळवून हलक्या आवाजात म्हणाला, "थांब ना बाबा, पाहुने हायेत."

कोपऱ्यात कुणीच नव्हतं. केशवरावांनी पाय आखडून घेतले.

मग त्यांना एकाएकी दिवस बुडायच्या आत घरी पोचायचं आठवलं. मुलगा दारात एकदा थबकला, पण बापामागं गेलाच. सुपारी ताटातच राहिली. बैलांच्या घुंगरांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला, नंतर तोही थांबला. पार्वताबाई चुलीपुढं जाऊन रडत बसली.

खुशालराव पाहुण्यांच्या जागी बसला. बराच वेळ कान देऊन काहीतरी ऐकत होता.

"कौसे, तो म्हन्ते, पाहुने माह्यामुळं गेले. खरं हाये का?"

कौशल्येनं सुपारीचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"नाही, दादा," ती म्हणाली. "ते भेले, म्हून गेले. तू काहीच केलं नाही. त्याइचं भेव खोटं होतं."

खुशालरावाचा चेहरा निवळला. मग त्याला पाहुण्यांचीच कीव आली.

"त्याइच्या घरी कोनी नाही का," त्यानं विचारलं, "खरं-खोटं सांगाले?"