चुलीवरची पुडी

“हे विष नाही, कीड मारणारी जिवंत बुरशी आहे. बियाण्यासारखी जपा,” असं सांगून मोखाड्याच्या कृषी साहेबांनी भातावरच्या तुडतुड्यांसाठी दिलेली पुडी सुकरीने अगदी बियाण्यासारखीच जपली. नागलीच्या कणसांशेजारी, चुलीच्या वर, धुरात टांगली. तिच्याच शब्दावर सगळ्या पाड्याने विषारी फवारणी थांबवली होती. आज सगळे बांधावर जमले. तिने पुडी पुढे केली आणि साहेबांच्या बोटांना काजळी लागली. “कुठे ठेवली होती?” त्यांनी हळूच विचारलं. “चुलीवर. धुरात बियाला कीड नाय लागत.” साहेबांचा चेहरा उतरला. “धगीने मेली असेल ती,” ते पुटपुटले. “मग दुसरी?” “येईपर्यंत भात राहणार नाही.” पाठीला पंप लावलेला नवरा म्हणाला, “आण ना, सगळी खोळंबलीत.” साहेबांनी बादली पुढे सरकवली. सुकरीने पुडी फोडली आणि मेलेली बुरशी पाण्यात हलक्या हाताने ढवळू लागली.