गोळीआधीचं तीर्थ

द्वारकाबाईंनी गडूतलं तीर्थ तळहातावर घेतलं आणि दवाखान्यातल्या खाटेवरच्या नातीच्या, शर्वरीच्या ओठांशी नेलं. तेवढ्यात सुनेने, मेधाने त्यांचं मनगट धरलं.

"आई, आत्ता नको. तपासणीला थुंकी द्यायचीय. त्याआधी अर्धा तास तोंडात काही जाता कामा नये."

"तीर्थ कधी कुणाला बाधलंय का? माझ्या घरात त्याशिवाय कुणी गोळी घेत नाही."

"भाऊजींनीही तीर्थ घेऊनच गोळी घेतली होती," मेधा खालच्या आवाजात म्हणाली.

द्वारकाबाईंचा हात तिथेच थांबला. धाकट्या लेकालाही शर्वरीसारख्याच फिट्स यायच्या. गोळ्या सुरू झाल्या आणि महिनाभरात अंगभर फोड उठून तो गेला. देवाचा कोप समजून त्यांनी तेव्हापासून मीठ सोडलं होतं. शर्वरीलाही त्याच गोळ्या द्यायच्या होत्या. पण डॉक्टर म्हणाले, आधी थुंकीतून जनुक तपासू, अंगातच ही गोळी न सोसणारी खोट निघाली तर औषध बदलू.

नर्स नळी घेऊन आली. द्वारकाबाईंनी तळहातावरचं तीर्थ नातीच्या केसांवरून फिरवलं.

"थुंक गं राणी, नळी भरून थुंक," त्या म्हणाल्या. "तुझ्या काकाला कुणी थुंकायला सांगितलंच नाही."