काठावरची नजर

"वेंडेल, आज पलीकडे जायचं नाही," नदीकाठच्या घडीच्या खुर्चीत बसून डावा खांदा चोळत रूथची आई बाबांना म्हणाली. "तुझे पाय आता तुझं ऐकत नाहीत."

"मासे पलीकडे आहेत, ओपल," बाबा म्हणाले.

"मग इकडे बोलाव त्यांना. माझ्यापेक्षा जास्त त्यांच्याशीच बोलतोस."

मोंटानातला सप्टेंबर. डोंगरावरची झाडं पिवळी पडली होती आणि नदीचं पाणी हाडांत शिरत होतं. रूथचं लक्ष गळाकडे नव्हतं. बाबांना हृदयविकाराचा झटका येऊन जेमतेम एक उन्हाळा उलटला होता. डॉक्टरांनी ट्राउट मासे धरणं विसरा म्हणून सांगितलं, तर घरी येऊन बाबा गळाला आमिष म्हणून लावायच्या पिसांच्या खोट्या माशा बांधायला बसले.

घरचा रिवाज ठरलेला होता. नदी जोडीनं ओलांडायची, दंडात दंड अडकवून. तगड्या माणसानं वरच्या अंगाला राहून पाण्याचा जोर झेलायचा. आणि काठावरच्यानं पाण्यातल्यांवरून नजर हटवायची नाही. काठावर कायम आईच असायची.

"आज वरच्या अंगाला मी," रूथ म्हणाली.

"अजून मेलो नाही मी," बाबा पुटपुटले, पण त्यांनी बाजू बदलली.

नदीच्या मध्यावर पायाखालचा गोटा फिरला. बाबांचा तोल गेला, पाणी छातीला लागलं आणि त्यांचा सगळा भार रूथच्या दंडावर आला. त्यांच्या चेहऱ्यावर तिनं पहिल्यांदाच भीती पाहिली.

"सोड मला," ते म्हणाले.

तिनं सोडलं नाही. पायाखालची वाळू सरकत होती. मान वळवून तिनं काठाकडे पाहिलं. आई ताठ बसून त्यांच्याकडेच बघत होती. त्या नजरेच्या आधारानं रूथनं एक पाऊल रोवलं, मग दुसरं.

मागे फिरून अलीकडच्या उथळात पोचल्यावर बाबांचे दात वाजत होते, तरी ते हसायला लागले. "आता तुझी आई मला वर्षभर ऐकवणार."

"ऐकवू दे की."

"घाबरलीय बिचारी. बघ, जागची हललीसुद्धा नाही."

रूथ धडपडत काठावर चढली. "बाबा ठीक आहेत, आई."

आईनं काहीच ऐकवलं नाही. तिच्या उघड्या डोळ्यावर एक चिलट बसलं. पापणी हलली नाही.

रूथ खुर्चीपाशी खाली बसली. आईचा हात तिनं आपल्या ओल्या हातांत घेतला आणि इतक्या वर्षांत एकदाही न म्हटलेलं मोठ्यानं म्हणाली, "आई, चल ना, तूही उतर पाण्यात. मी धरते तुला."