रेवाच्या चेहऱ्यावरची सावली

"आता कपाळावर हात मारायचाच बाकी आहे," म्हणत चारुताईंनी ब्रश खाली ठेवला. "चेहऱ्यावर सावलीच पडत नाही, तर तैलचित्रात हिचं नाक उभं करू कशाच्या जोरावर?"

स्टुलावरची चार वर्षांची रेवा खुदकन हसली आणि तिचे गाल आणखी उजळले. अंधाराची भीती वाटू नये म्हणून हल्ली सगळ्याच बाळांच्या कातडीत जन्माआधी उजेड पेरत. पोरं काजव्यासारखी चमकत. पण त्या उजेडात चेहऱ्याचे खळगे-उंचवटे पुसून जात आणि बाळ कुणावर गेलंय, ते काही केल्या कळत नसे.

"आमच्यावरच गेलीये," नंदिताच्या सासूबाई ठासून म्हणाल्या.

नंदिता लेकीचे केस सारखे करू लागली. तिची आई रेवाच्या जन्माआधीच गेली होती. त्या बाजूने बोलायला कुणी उरलंच नव्हतं.

चारुताई तिच्याकडे वळल्या. "लेकीला तेल कोण लावतं गं?"

"मीच. तान्ही होती तेव्हापासून."

"मग डोळे मीट आणि सांग, अंगठा कुठे रुततो?"

नंदिता हवेत अंगठे फिरवत सांगू लागली. "भुवईखाली खोल... नाकाच्या शेंड्यावरून घसरतो... खालच्या ओठाखाली खळगा, डावीकडे जरा जास्तच." ती सांगेल तिथे चारुताई तपकिरी रंग भरत गेल्या, जणू खोलीत एका बाजूला एकच दिवा तेवत होता.

ब्रश थांबला, तरी नंदिताला डोळे उघडायचा धीर होईना.

मग सासूबाईंचाच आवाज आला, एकदम हळू. "अगं नंदिता, बघ तरी. या तर विहीणबाई बसल्यात."