कुशाबाचा खल

वडी चौदा रत्तलांवर मोडली आणि शामरावांचा चेहरा उतरला.

"कुशाबा, खरं सांग. यात काय कालवलंस?"

"काय नाय साहेब. नुसती जस्ताची भुकटी."

"नुसती भुकटी नऊ रत्तलांच्या वर जात नाही!"

शामराव दादरच्या त्या प्रयोगशाळेचे साहेब आणि कुशाबा त्यांचा मदतनीस. जस्ताच्या भस्माची पांढरी भुकटी घोटायची, साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची, मग वडी मोडेपर्यंत तिला वजनं टांगायची, हे दोघांचं काम. चिमूटभर मँगनीज घातलं की वडी बळकट होते, असं शामरावांना सिद्ध करायचं होतं. मँगनीजची भुकटी ते स्वतः घोटत, साधी कुशाबाकडे. मँगनीजच्या वड्या अकरा रत्तल पेलायच्या आणि कुशाबाच्या साध्या वड्या चौदा! दोन वर्षांची मेहनत पाण्यात चालली होती, आणि मेहनत पाण्यात चालली की साहेबलोकांना कुणीतरी दोषी लागतोच.

त्यातून कुशाबाच्या वड्या जराशा पिवळट निघायच्या. "हात नीट धुऊन येत जा," असं शामराव रोज सुनवायचे. कुशाबा बिचारा सालपटं निघेपर्यंत हात घासायचा. डिलाईल रोडच्या खोलीवर शेवंती त्या हातांना खोबरेल चोळायची आणि साहेबाच्या नावानं बोटं मोडायची. गेल्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. यापुढे कुणापुढे मान खाली घालायची नाही, असं ठरवून आली होती. पण घरात खाणारी सहा तोंडं होती आणि कमावणारा तो एकटा.

"शनिवारपर्यंत कबूल कर," शामराव म्हणाले. "नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

हेच शामराव परवाच्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात कुशाबाला हाक मारून आपल्या रांगेत घेऊन गेले होते. दोघांनी एका सुरात घोषणा दिल्या होत्या.

दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. आपण काय वेगळं करतो, हेच तो आठवत राहिला. भुकटी तीच, साचा तोच, भट्टीही तीच. शुक्रवारी सकाळी तो शामरावांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, एक डाव तुमच्या खलात घोटू द्या."

शामरावांनी आपला खल जवळ ओढला. टेबलावरचा दगडी खल सगळ्यांचा होता, एक कुशाबा सोडून. तो नोकरीला लागला त्या दिवशी शामरावांनीच कोनाड्यात एक जुना लोखंडी खल ठेवला होता. "हा तुझा. वरच्याला हात लावू नकोस," एवढंच ते म्हणाले होते. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि कुशाबानं विचारलं नव्हतं. असल्या गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

शेवटी शामरावांनी नाइलाजानं मान हलवली. कुशाबानं त्यांच्या डोळ्यांदेखत दगडी खलात भुकटी घोटली. शनिवारी वडी भट्टीतून निघाली ती दुधासारखी पांढरी. वजनं टांगली. नऊ रत्तलांवर ती कट्‌कन मोडली.

शामराव धावत कोनाड्याकडे गेले. त्यांनी लोखंडी खल उचलला आणि आतून रुमाल फिरवला. रुमाल काळा झाला.

"लोखंड! घोटताना झिजून भुकटीत उतरतंय! चिमूटभरसुद्धा नाही, आणि बळ दीडपट! अरे, माझ्या मँगनीजपेक्षा सरस!" त्यांचा आनंद गगनात मावेना. ते लगेच अहवाल नव्यानं लिहायला बसले.

"म्हणजे साहेब, माझे हात स्वच्छच होते," कुशाबा म्हणाला.

"हो, हो. सोमवारी वेळेवर ये," शामराव मान वर न करता म्हणाले.

नोकरी वाचली होती. रविवारी शेवंतीनं गोडाचा शिरा केला. सोमवारी कुशाबा जरा लवकरच पोचला आणि सवयीनं कोनाड्याकडे वळला. कोनाडा रिकामा होता. त्याचा खल शामरावांच्या टेबलावर, मलमलीच्या कापडावर ठेवलेला होता. पुढ्यात साहेबांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती:

'या खलाला कुशाबाने हात लावू नये.'