एकतीस मुली, सहा किलोमीटर

सोमवार, १४ जुलै २०२५. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर तीन जीपा उभ्या होत्या आणि यज्ञेश्वररावांनी दोनदा मोजूनही मुली तीसच भरत होत्या.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

सेवाभावी संस्थांच्या प्रसिद्धीची कामे करणारी छोटीशी कचेरी ते यवतमाळात चालवत. मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या विमलताईंच्या संस्थेने त्यांच्यावर एकच काम सोपवले होते : या तांड्यापर्यंत एसटी आली पाहिजे. इथल्या मुली फुलसावंगीच्या शाळेत रोज सहा किलोमीटर चिखल तुडवत जात. इतक्या मुली खरोखर असतील का, अशी आगाराला शंका होती. म्हणून बससाठी केलेल्या अर्जाचे शेवटचे वाक्य यज्ञेश्वररावांनी स्वतः घातले होते : शाळेच्या कोणत्याही दिवशी, न कळवता या आणि मोजून घ्या. त्या वाक्याचा त्यांना अभिमान होता.

तीन महिने उलटले तरी उत्तर नव्हते. म्हणून आज महागावात पत्रकारांसमोर मुली उभ्या करायच्या होत्या. मागच्या खेपेला त्या चालत फुलसावंगीत पोचेपर्यंत पत्रकार चहा पिऊन पांगले होते. ती चूक पुन्हा होणार नव्हती. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली होती, जीपा ठरवल्या होत्या.

एकतिसावी मुलगी दप्तर पाठीला लावून बांधावर उभी होती. तिची आज गणिताची चाचणी होती. मी आपली शाळेत जाते, असे तिचे म्हणणे. यज्ञेश्वररावांनी शांतपणे तिची समजूत काढली. फलकावर एकतीसचा आकडा छापला होता, आणि तीसच दिसल्या तर पत्रकार नेमक्या न आलेल्या एकीबद्दल विचारतील. चाचणी पुन्हा घेण्याचा शब्द त्यांनी गुरुजींकडून फोनवर मिळवला, तेव्हा कुठे ती चढली.

"रोज पायी तुडवतात, अन् आज पोरीयची वरात निघाली," दहावीतल्या वर्षाची आजी लालीबाई म्हणाली. "नवरदेव तुम्हीच का, साहेब?"

सगळ्या हसल्या. वर्षाचा बाप सेवादास मात्र हसला नाही. तो यज्ञेश्वररावांना जरा बाजूला घेऊन गेला.

"दिवाळीनंतर आमी ऊस तोडाले जातो, साहेब. बस आली त वर्षा आजीपाशी राहीन, धावी करीन. नाही आली त तिले संग नेतो. थंडीत शाळा सुटून येता येता नाल्यापाशी अंधार पडते. मी इथं नसताना पोरीले त्या वाटेनं नाही धाडत."

"बस येईल," यज्ञेश्वरराव म्हणाले. इतक्या ठामपणे ते सहसा बोलत नसत.

निघताना त्यांनी जीपांचे ताडपत्रीचे पडदे खाली सोडायला लावले. धुतलेल्या गणवेशांवर चिखल उडाला तर फोटो बिघडले असते.

तांड्याच्या फाट्यावर, कडुनिंबाखालच्या दगडावर एक गृहस्थ बसले होते. मांडीवर छत्री, हातात वही. पहिल्या जीपचा चालक रोशन याने सवयीने वेग कमी केला.

"महागाव, काका? तुमच्यापुरती जागा करतो."

"नको रे बाबा. मी वाट पाहून राह्यलो."

"कोणाची?"

"यायचे आहेत काही जण," ते म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिले.

रोशनच्या शेजारी बसलेल्या यज्ञेश्वररावांनीही आपल्या घड्याळाकडे पाहिले. आठ वाजून पंचवीस मिनिटे. सगळे वेळेवर चालले होते.

महागावातला कार्यक्रम नेटका झाला. वर्षा न अडखळता चार मिनिटे बोलली. दुसऱ्या दिवशी सात वर्तमानपत्रांत फोटो आले; एकतीसच्या एकतीस चेहरे स्पष्ट दिसत होते. विमलताईंनी फोन करून सांगितले की असे काम आजवर कुणी केले नव्हते. सेवादासने ते कात्रण घराच्या दारावर चिकटवले.

नवव्या दिवशी कचेरीत आगाराचा लिफाफा आला. यज्ञेश्वररावांची सहकारी अनघा हिने तो उत्साहाने फोडला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीवर ती थांबली, आणि तो कागद तिने त्यांच्यासमोर ठेवला.

यज्ञेश्वररावांनी चष्मा पुसला आणि वाचले.

'आपल्या अर्जातील विनंतीस अनुसरून, न कळवता, आमचे कर्मचारी सोमवार, दिनांक १४ जुलै रोजी सकाळी आठ ते अकरा या वेळेत तांडा फाट्यावर बसून होते. शाळेत पायी जाणाऱ्या मुली : शून्य.'